६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या

(नांदगाव पेठ येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आज आपण फक्त एका संख्येबद्दल बोलणार आहोत : सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर. गणितावरचं व्याख्यान म्हटलं की निम्मी खुर्च्या रिकाम्या राहतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो. आज जे लागेल ते एवढंच : चार अंकी वजाबाकी आणि उसना कसा घ्यायचा ते. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे व्याख्यान शेवटपर्यंत समजलं पाहिजे. नाही समजलं, तर तो दोष आमचा.

आधी खेळ सांगतो, मग त्याचं कारण, आणि मग तो कोणी शोधला आणि त्याचं पुढे काय झालं ते.

खेळाचा नियम

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. ११११, ७७७७ चालणार नाही. आता त्या अंकांपासून होणारी सर्वात मोठी संख्या लिहा, म्हणजे अंक उतरत्या क्रमाने. मग सर्वात लहान संख्या लिहा, म्हणजे अंक चढत्या क्रमाने. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करा. पुन्हा उत्तर, पुन्हा तेच.

संख्या कुठून आणायची? आपल्या गावातून राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्त्याच्या कडेला उभं राहा आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या नंबर प्लेटवरचे शेवटचे चार अंक घ्या. एमएच-२७ अमरावतीची असो की एमएच-३० अकोल्याची, चालेल. इथल्या औष्णिक वीज केंद्राचा आकडा तर सगळ्यांना पाठ आहे : २७० मेगावॉटचे ५ संच, एकूण १३५० मेगावॉट. तोच घेऊ.

५३१० − ०१३५ = ५१७५
७५५१ − १५५७ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हेच करू : ७६४१ − १४६७ = ६१७४. तीच संख्या परत आली. आता हजार वेळा करा, ती हलणार नाही.

दुसरी संख्या घेऊ. हा खेळ ज्यांनी शोधला ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला जन्मले. त्यांचं जन्मवर्ष घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुन्हा तीच. वाट पूर्ण वेगळी, मुक्काम एकच. त्यांनी ही गोष्ट शोधली १९४९ साली. तेही वर्ष घालून बघा, सात वजाबाक्या लागतात. ते वारले १९८६ साली, त्याला सहा लागतात. महाराष्ट्र राज्य झालं १९६० ला, त्याला सात. देश स्वतंत्र झाला १९४७ ला, त्याला पाच. कोणत्याही चार अंकी संख्येला सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत.

एक काळजी घ्या. मध्ये शून्य आलं तर ते टाकून देऊ नका. २१११ घेतलं तर पहिलं उत्तर येतं ०९९९. इथे शून्य टाकलं आणि ९९९ वर खेळलो, तर ९९९ वजा ९९९ शून्य होईल आणि खेळ बुडेल. शून्य ठेवलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. शून्यालाही जागा असते, हे पोरांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पाहिलं म्हणजे सिद्ध झालं का?

आपण आत्ता पाच-सहा संख्या करून पाहिल्या. इथे बसलेल्या प्रत्येकाने दहा-दहा केल्या तरी हजारेक होतील. सगळ्या ६१७४ लाच येतील. पण म्हणून "प्रत्येक संख्या तिथेच येते" असं म्हणता येतं का? गणितात नाही येत. एखादी हट्टी संख्या वेगळीच निघू शकते.

ही नुसती भीती नाही. हाच खेळ दोन अंकी संख्यांवर खेळा. ८१ घ्या.

८१ − १८ = ६३
६३ − ३६ = २७
७२ − २७ = ४५
५४ − ४५ = ०९
९० − ०९ = ८१

परत ८१. दोन अंकी संख्या कुठे थांबतच नाहीत. घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहतात : ८१, ६३, २७, ४५, ०९. पाच अंकींचंही तसंच. ५३९५५ वरून ५९९९४ येतं आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. म्हणजे चार अंकींमध्ये जे घडतं ते आपोआप सगळीकडे घडत नाही. मग चार अंकींमध्येच का घडतं, हे विचारावं लागतं.

आधी तीन अंकी

चार अंकींच्या आधी तीन अंकींचा जिना चढू, कारण तो पूर्ण डोळ्यांसमोर दिसतो.

तीन अंकी संख्या घेतली, अंक उतरत्या क्रमाने लावले. मधला अंक दोन्ही संख्यांमध्ये मधेच राहतो, म्हणून तो वजाबाकीत उडून जातो. उरतो फक्त पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक. उत्तर नेहमी ९९ गुणिले तो फरक. फरक १ ते ९ पैकी काहीतरी असणार. म्हणजे नऊशेच्या आसपास संख्या असल्या तरी पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरं नऊच उरतात :

०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१.

या नऊ संख्यांकडे नीट बघा. प्रत्येकीत मधला अंक ९ आहे आणि बाजूच्या दोन अंकांची बेरीज ९ आहे. आता ०९९ पासून सुरुवात करा. मोठा अंक ९, लहान ०, फरक ९, उत्तर ८९१. तिथे मोठा ९, लहान १, फरक ८, उत्तर ७९२. मग फरक ७, उत्तर ६९३. मग फरक ६, उत्तर ५९४. मग फरक ५, उत्तर ४९५. आणि ४९५ मध्ये मोठा ९, लहान ४, फरक पुन्हा ५. जिना इथे संपला. १९८ मध्ये तेच अंक आहेत जे ८९१ मध्ये, २९७ मध्ये तेच जे ७९२ मध्ये, ३९६ मध्ये तेच जे ६९३ मध्ये. त्यामुळे तीही याच जिन्यावर येतात.

झाली सिद्धता. प्रत्येक तीन अंकी संख्या ४९५ वर येते, आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत. आपण एकेक संख्या तपासली नाही. नऊ खोल्या तपासल्या आणि इमारत कळली.

आता चार अंकी

चार अंक उतरत्या क्रमाने लावा. दोन फरक काढा. पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक, त्याला बाहेरचा फरक म्हणू. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकातला फरक, त्याला आतला फरक म्हणू. आता वजाबाकी करा. बाहेरचा फरक हजाराच्या घरात आणि एककाच्या घरात काम करतो, म्हणजे ९९९ पट. आतला फरक शतकात आणि दशकात, म्हणजे ९० पट.

उत्तर = ९९९ × बाहेरचा + ९० × आतला.

मूळ अंक कोणते होते याच्याशी उत्तराला काही घेणं-देणं नाही. हे दोन फरक तेवढे बघायचे. १९०५ मध्ये अंक ९, ५, १, ०. बाहेरचा ९, आतला ४. म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. मघाशी हेच आलं होतं.

बाहेरचा फरक १ ते ९ असू शकतो. आतला शून्यापासून बाहेरच्यापर्यंत, त्याहून मोठा नाही, कारण आतले अंक बाहेरच्यांच्या मधेच आहेत. बाहेरचा १ असेल तर आतल्याला २ शक्यता, बाहेरचा २ असेल तर ३, असं करत ९ असेल तर १०. बेरीज करा : २ + ३ + ४ + … + १० = ५४.

चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या सोडल्या तर चार अंकी संख्या ८९९१ आहेत. पहिली वजाबाकी झाली की त्यांची फक्त ५४ उत्तरं उरतात.

आता उसना घ्यायची गोष्ट. एककात लहान अंकातून मोठा वजा होत नाही, उसना घ्यावा लागतो. तिथे उरतं १० वजा बाहेरचा फरक. दशकात एक दिलेला आहे, पुन्हा उसना, तिथे उरतं ९ वजा आतला. शतकात उरतं आतला वजा १. हजारात उसना लागत नाही, बाहेरचा फरक तसाच राहतो. म्हणजे आतला फरक शून्य नसेल तर उत्तराचे चार अंक असे :

हजार : बाहेरचा
शतक : आतला वजा १
दशक : ९ वजा आतला
एकक : १० वजा बाहेरचा

हजार आणि एकक यांची बेरीज १०. शतक आणि दशक यांची बेरीज ८. चारही अंकांची बेरीज १८, नेहमीच. ६१७४ मध्ये ६ + ४ = १० आणि १ + ७ = ८. आतला फरक शून्य असेल तर शतकातही उसना लागतो, मग अंक वेगळे पडतात आणि बेरीज २७ येते, जशी ०९९९ मध्ये किंवा १९९८ मध्ये.

आता ५४ मधलीही बरीच उत्तरं एकाच अंकांची आहेत, फक्त क्रम वेगळा. पुढच्या वजाबाकीला क्रमाशी मतलब नाही. तशी एकत्र केली तर बेरीज १८ वाली २५ कुटुंबं होतात आणि बेरीज २७ वाली ५. एकूण ३०. एका वहीच्या पानावर ही तीस कुटुंबं लिहा आणि प्रत्येकीपासून पुढच्या कुटुंबाकडे बाण काढा. सगळे बाण शेवटी एकाच घराकडे येतात, आणि वाटेत कुठेही चक्र बनत नाही. ही पूर्ण सिद्धता आहे. तपासणी आहे, पण कुठलीही संख्या न सोडता केलेली तपासणी.

तो घर-मालक ६१७४ च का, हेही थोडं बघू. थांबणाऱ्या संख्येचे अंक दोन जोड्यांत असतात, एकीची बेरीज १०, दुसरीची ८. समजा सर्वात मोठा आणि सर्वात लहान अंक दोन्ही पहिल्या जोडीत आहेत. मग त्या दोघांतला फरकच बाहेरचा फरक झाला पाहिजे. पण ती जोडी म्हणजे बाहेरचा आणि १० वजा बाहेरचा. हिशेब मांडला तर बाहेरचा १० तरी येतो, नाहीतर १० भागिले ३. दोन्ही अशक्य.

समजा मोठा आणि लहान दोन्ही दुसऱ्या जोडीत आहेत. त्या जोडीची बेरीज ८, सम. म्हणून तिच्यातला फरकही सम, म्हणजे बाहेरचा सम. आता पहिली जोडी आत गेली, म्हणून तिच्यातला फरक झाला आतला. बाहेरचा २ घ्या : आतला ६ येतो, बाहेरच्याहून मोठा, चालणार नाही. ४ घ्या : आतला २, पण मग बाहेरचा ६ यायला हवा, ताळा चुकतो. ८ घ्या : आतला ६, मग बाहेरचा २, पुन्हा चुकतो. ६ घ्या : आतला २, आणि त्यावरून बाहेरचा ६. ताळा जमला. ९९९ × ६ = ५९९४, त्यात ९० × २ = १८०. बेरीज ६१७४.

मोठा अंक एका जोडीत आणि लहान दुसरीत, ही तिसरी शक्यता उरली. तिच्यातून काहीच निघत नाही. ती आम्ही घरच्या अभ्यासाला ठेवतो. आतला फरक शून्य असलेली पाच कुटुंबंही त्यातच तपासा.

एक रंजक मोजणीही सांगून ठेवतो. १००० ते ९९९९ मध्ये पहिल्याच वजाबाकीत ६१७४ ला पोहोचणाऱ्या संख्या ३५६ आहेत. सर्वात जास्त संख्या तीन वजाबाक्यांत येतात, २१२४. आणि पूर्ण सात लागणाऱ्या १९८०.

योगायोग कोणता, कारण कोणतं

६१७४ चे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८. आणि ६१७४ ला १८ ने भागलं तर उत्तर ३४३, म्हणजे सातचा घन. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असं नाव दिलं, हर्ष देणारी. ६१७४ ही हर्षद संख्या आहे. आणखी एक : १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन, म्हणजे १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. आणि अवयवांचे वर्ग करून मिळवले, ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९, तर येतात १६९, म्हणजे तेराचा वर्ग.

हे ऐकायला गोड आहे. पण यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अंकांची बेरीज १८ येणं हा योगायोग नाही, त्याचं कारण आपण आत्ता उसना घेताना पाहिलं. संख्या ९ ने भागली जाणं हाही योगायोग नाही, ९९९ आणि ९० दोन्ही ९ च्या पाढ्यात आहेत. पण सातचा घन आणि तेराचा वर्ग यांचा वजाबाकीच्या खेळाशी काही संबंध लागत नाही. ते तसं निघालं, एवढंच.

हे सांगायचं कारण असं, की ६१७४ ला "दैवी संख्या", "गूढ संख्या" म्हणून विकणारे लोक आहेत. तुमच्या मोबाईलवरही असे व्हिडिओ आले असतील. त्यांना एक साधा प्रश्न विचारा. आपण दहाच्या पटीत का मोजतो? बोटं दहा आहेत म्हणून. आठ-आठच्या पटीत मोजणारी माणसं असती तर ६१७४ ला काही महत्त्व नसतं. आठच्या पद्धतीत हाच खेळ खेळला तर ३०६५ वरून ६१५२, त्यावरून ५२४३, आणि पुन्हा ३०६५ असं चक्र सापडतं. ६१७४ चं वैशिष्ट्य विश्वात लिहिलेलं नाही. ते आपल्या अंक मांडायच्या पद्धतीत आहे. त्यामुळे ते कमी सुंदर होत नाही, पण त्यावरून कोणाचं लग्न जमवायचं किंवा घराचा दरवाजा कुठे करायचा हे ठरत नाही.

मास्तर

आता ज्यांनी हे शोधलं त्यांच्याबद्दल. कापरेकर डहाणूचे, शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये विद्यार्थी असतानाच त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची पदवी झाली. पुढचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते.

दिवसभर वर्ग आणि उरलेल्या वेळात संख्या, असं त्यांचं आयुष्य. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते, तिला आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. डेमलो संख्या ही त्यांचीच, १२१, १२३२१ यांच्या घराण्यातल्या. ते नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून दिलं, जिथे त्यांना ती कल्पना सुचली. आजचं डोंबिवली. विद्यापीठातला माणूस आपल्या शोधाला ग्रीक अक्षर देतो. मास्तरांनी स्टेशनचं नाव दिलं.

त्यांच्या कामाकडे देशातल्या अनेक गणितज्ञांनी गंभीरपणे पाहिलं नाही. हा अंकांचा खेळ आहे, गणित नाही, असं मानलं गेलं. त्यांनी बरंच लेखन पदरमोड करून छापलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. ६१७४ वरचा त्यांचा लेख १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या परदेशी नियतकालिकात आला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं.

या तुच्छतेबद्दल आम्हाला दोन गोष्टी वाटतात. एक, त्यांच्यावर टीका करणारे सगळेच चूक नव्हते. अंकांच्या खेळातून गणिताचे मोठे सिद्धांत क्वचितच निघतात, हे खरं आहे. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यांच्या खेळातून जे प्रश्न निघाले ते अस्सल गणिती प्रश्न होते. किती अंकांसाठी असा एकच मुक्काम असतो? याचं उत्तर १९८१ मध्ये 'फिबोनाची क्वार्टर्ली' मध्ये तीन गणितज्ञांनी दिलं : दहाच्या पद्धतीत असा एकमेव मुक्काम फक्त दोनच, तीन अंकींसाठी ४९५ आणि चार अंकींसाठी ६१७४. सहा अंकींमध्ये ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन संख्या स्वतःवरच परत येतात, म्हणून एकच मुक्काम राहत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सिद्धता लागते, तो खेळ असला तरी गणितच असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं : "सर, हे सारं बरोबर हाय, पण हे कायच्या कामी येते?"

सरळ उत्तर देतो, दादा. ६१७४ मुळे कापसाला भाव मिळणार नाही आणि कोणतं यंत्रही चालत नाही. उगाच उपयोग चिकटवून सांगणं बरं नाही. पण आपण आज काय केलं ते बघा. आठ हजार नऊशे एक्क्याण्णव गोष्टींचा प्रश्न होता, तो आपण ५४ वर आणला, मग ३० वर. मोठ्या ढिगातून कामाचं तेवढं वेगळं काढायचं आणि मग एकही न सोडता तपासायचं, ही सवय शेतात, दुकानात, ग्रामपंचायतीच्या हिशेबात, सगळीकडे लागते.

एका शिक्षिकेने विचारलं : "पोरायले सहाव्या वर्गात हे द्यायचं तर परीक्षेत मार्क तर भेटत नाही, मग कसं द्यायचं?"

ताई, वजाबाकीचा सराव तर द्यावाच लागतो. पन्नास कोरडी उदाहरणं देण्यापेक्षा हा खेळ द्या. प्रत्येक पोराला आपला जन्मसाल घेऊ द्या. फायदा असा की उत्तर बरोबर आलं की नाही हे तुम्हाला तपासावं लागत नाही. ६१७४ आलं नाही, तर पोराला स्वतःलाच कळतं की वाटेत कुठेतरी उसना चुकला, आणि ते स्वतःच मागे जाऊन शोधतं. शिवाय प्रत्येक टप्प्यावर अंकांची बेरीज १८ किंवा २७ आली की नाही हे बघायला शिकवा. नाही आली, तर चूक त्याच ओळीत आहे. आणि शेवटी विचारा, "असं का होतं?" एक जरी पोरगी दुसऱ्या दिवशी वहीत काहीतरी मांडून घेऊन आली, तर तुमचं काम झालं.

अकरावीतल्या एका मुलाने विचारलं : "आता तर कॉम्प्युटर क्षणात सगळ्या संख्या तपासतो. मग मास्तरांनी हाताने केलेल्या कामाला काय अर्थ?"

चांगला प्रश्न आहे. कॉम्प्युटरला तू सांगशील तेच तो तपासेल. "मोठी संख्या घे, लहान घे, वजा कर आणि पुन्हा कर" हे त्याला सांगावंसं वाटलं पाहिजे ना? ते १९४९ मध्ये देवळालीच्या एका शाळामास्तरांना वाटलं. तू प्रोग्राम जरूर लिही. तीन अंकींपासून आठ अंकींपर्यंत चालव, कुठे मुक्काम मिळतो आणि कुठे चक्र ते नोंदव. सात अंकींमध्ये एकही मुक्काम सापडणार नाही. आठ अंकींमध्ये ६३३१७६६४ आणि ९७५०८४२१ सापडतील. मग प्रोग्राम बंद कर आणि सात अंकींमध्ये का सापडत नाही ते कागदावर शोध. तो भाग तुला स्वतःलाच करावा लागेल.

घरचा अभ्यास तेवढा लक्षात ठेवा : तीस कुटुंबांचं पान आणि ती राहिलेली तिसरी शक्यता. ज्यांचं होईल त्यांनी आपल्या शाळेतल्या फळ्यावर करून दाखवा.